घोड्यावर बसण्याआधी

कुणाच्याही घरातला जुना अल्बम उघडा. ईद, अकीका, निकाह असे पाच-पन्नास फोटो उलटले की एक फोटो हमखास सापडतो. चार-पाच वर्षांचे मूल घोड्यावर बसले आहे. तोंडावर अर्धी भीती, अर्धी ऐट. मागे जुहूचा समुद्र, नाहीतर महाबळेश्वरचा वेण्णा तलाव, नाहीतर पाचगणीचे टेबललँड. घोड्याचे डोके फोटोत अर्धेच आले आहे आणि लगाम धरणारा हात मनगटापर्यंत दिसतो आहे. तो हात कुणाचा, हे फोटो काढणाऱ्याला कधी महत्त्वाचे वाटलेले नसते.

या महिन्यात आम्ही त्या हाताबद्दल आणि त्या अर्ध्या डोक्याबद्दल लिहायचे ठरवले आहे. सुट्ट्या तोंडावर आल्या की घराघरात "माथेरान की महाबळेश्वर?" सुरू होते. हॉटेलची चौकशी होते, खाण्याची होते, हलाल मिळेल का याचीही होते. ज्याच्या पाठीवर आपण पोराला बसवणार त्या जनावराची आणि ज्याच्या भरवशावर बसवणार त्या माणसाची चौकशी मात्र कुणी करत नाही.

घोडा आपल्याला परका नाही, हे आधी सांगून टाकू. मराठीतले घोड्याचे सगळे सामान बघा. लगाम, जीन, रिकीब, नाल, तोबरा, चाबूक, खोगीर, तबेला. फारसी-अरबीतून आलेले हे शब्द मराठीत इतके मुरले आहेत की ते बाहेरून आले हे शेतकऱ्याच्या ध्यानीमनीही नसते. सोलापूर-कोल्हापूरकडच्या आमच्या वाचकांत नालबंद आडनावाची घरे असतील. बैलांना आणि घोड्यांना नाल ठोकणारे ते नालबंद. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा आणि बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर स्वार होणारा. या दोन शब्दांतच त्या काळातली सगळी ऐपत कळते. घोडा ज्याचा त्याची किंमत जास्त. आज हिशेब उलटा झाला आहे. घोडा ज्याचा तोच सगळ्यांत फाटका.

मुंबईच्या व्हिक्टोरियाची गोष्ट ताजी आहे. गेटवे, मरीन ड्राइव्ह, नरिमन पॉइंट इथे संध्याकाळी चांदीच्या रंगाने सजलेल्या घोडागाड्या उभ्या असत. गाडी हाकणाऱ्यांत आपल्या समाजातले पुष्कळ होते. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की केवळ मौजेच्या फेरीसाठी अशा गाड्या चालवणे बेकायदा आहे, आणि वर्षभरात त्या बंद करा. तबेल्यांना परवाने नव्हते. डांबरी रस्त्यावर, मोटारींच्या धुरात, पुरेसे पाणी नाही, टापांना नीट नाल नाही अशा अवस्थेत घोडे राबत होते. हे सगळे न्यायालयासमोर आले आणि ते खोटे नव्हते. गाडीवाल्यांचे पुनर्वसन करा, असेही न्यायालयाने सरकारला बजावले होते. मार्च २०२१ मध्ये विजेवर चालणाऱ्या, व्हिक्टोरियासारख्याच दिसणाऱ्या गाड्या समारंभाने रस्त्यावर आल्या. म्हणजे निकालापासून पुढच्या गाडीपर्यंत जवळजवळ सहा वर्षे गेली. त्या सहा वर्षांत घरी चूल पेटायची कशी आणि घोड्याला चंदी द्यायची कुठून, याचा विचार निकालावर टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी केला.

निकाल चुकीचा होता असे आमचे म्हणणे नाही. मोटारींच्या गर्दीत घोड्याचे हालच होत होते. पण वर्तमानपत्रांत हा वाद "घोडा विरुद्ध घोडेवाला" असा रंगवला गेला, ते आम्हाला पटत नाही. उपाशी मालकाचा घोडा कधी भरल्या पोटी झोपलेला कुणी पाहिला आहे काय? दोघांची भाकरी एकाच तव्यावरची. आणि त्या तव्याखालची आच कमी-जास्त करणारे तिसरे कुणी असेल तर ते आपण, पैसे मोजून वर बसणारे.

हे नीट समजायचे असेल तर माथेरानला चला.

रायगड जिल्ह्यातले हे ठिकाण समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर उंच आहे. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी ते पाहिले आणि इंग्रजांची वस्ती तिथे सुरू झाली. नेरळहून वर जायचे तर घोडा, पालखी किंवा आपले पाय. ही तऱ्हा बदलली ती एका मुसलमान घराण्याने. दाऊदी बोहरा समाजातले मुंबईचे मोठे व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा पुरवला, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी अंगावर जबाबदारी घेतली आणि १९०४ ते १९०७ या तीन वर्षांत नेरळ-माथेरान ही दोन फुटी रुळांची गाडी उभी राहिली. खर्च आला १६ लाख रुपये, त्या काळातले. आजही मुले ज्या टॉय ट्रेनसाठी हट्ट धरतात ती हीच. तिच्यात बसाल तेव्हा मुलांना आदमजींचे नाव जरूर सांगा. शाळेच्या पुस्तकात ते त्यांना सापडण्याची शक्यता कमी आहे.

रेल्वे आली तरी गावात घोडा राहिलाच, कारण माथेरानात मोटार चालत नाही. २००३ मध्ये केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर केला, पण मोटारबंदीची चाल त्याच्या आधीची आहे. आपली गाडी दस्तुरी नाक्यावर ठेवायची. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. पुढे चालत, घोड्यावर, माणसाने ओढायच्या रिक्षात, अमन लॉज स्टेशनवरून शटल गाडीने आणि अलीकडे ई-रिक्षाने.

या दस्तुरी नाक्यावरच सगळे नाट्य घडते. गाडीतून उतरता न उतरता चार-पाच जण भोवती जमतात. "साहेब, घोडा?" "सामान द्या ना." "अजून लई लांब आहे, लेकरं थकतील." मार्च २०२५ मध्ये माथेरानच्या रहिवाशांनी आणि व्यापाऱ्यांनी बेमुदत बंद पुकारला होता, त्याचे कारण हेच. नाक्यावर काही घोडेवाले, हमाल आणि दलाल पर्यटकांची दिशाभूल करतात, शटल बंद आहे, ई-रिक्षा मिळत नाही असे खोटे सांगून अव्वाच्या सव्वा पैसे घेतात, अशी तक्रार होती. अधिकाऱ्यांशी बोलणी झाल्यावर बंद मागे घेतला गेला. ज्या गावाचे पोट पर्यटकांवर आहे त्या गावाने स्वतःचे दुकान बंद करावे, म्हणजे पाणी किती डोक्यावरून गेले होते ते बघा. खोटे बोलून मिळवलेल्या पैशात बरकत नसते, हे घोडेवाल्याला सांगायला कुणा विद्वानाची गरज नाही. त्याला ते ठाऊक असते. तरी तो बोलतो, आणि त्याचे कारणही बघितले पाहिजे.

पावसाळ्याचे चार महिने धंदा जवळजवळ बसतो. नेरळहून येणारी रेल्वे त्या दिवसांत बंद असते आणि धुक्या-चिखलात फिरायला येणाऱ्यांत घोड्यावर बसणारे थोडे. शाळा सुरू झाल्या की सोमवार ते शुक्रवार नाका ओस. कमाई होते ती शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात. घोडा मात्र शनिवार-रविवारचा नसतो. त्याला रोज चारा लागतो, रोज पंचवीस-तीस लिटर पाणी लागते, उन्हात राबला तर त्याहून जास्त. दर सहा-आठ आठवड्यांनी खूर कापून नाल नवी ठोकावी लागते. रिक्षा बिघडली तर कोपऱ्यात उभी करता येते. घोडा बिघडला तर तो उभ्याने खातच राहतो. शिवाय पुष्कळ ठिकाणी घोडा एकाचा आणि लगाम धरणारा दुसराच. दिवसभराच्या रपेटीतून मालकाचा वाटा गेला, दाण्याचा गेला, की हातात उरते ती मजुरी.

त्यात आता ई-रिक्षा आली. माणसाने माणसाला ओढण्याची चाल बंद व्हावी म्हणून एक निवृत्त शिक्षक न्यायालयात गेले, प्रायोगिक म्हणून काही ई-रिक्षा सुरू झाल्या आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की हातरिक्षा माणसाच्या प्रतिष्ठेला शोभणारी नाही, सहा महिन्यांत ती बंद करा आणि ई-रिक्षा त्या ओढणाऱ्यांनाच द्या. हातरिक्षाचे परवानाधारक ९४. या निकालाचा आनंद आम्हालाही झाला. चढावर धापा टाकत दुसऱ्या माणसाला ओढणारा माणूस पाहून ज्याची मान खाली जात नाही त्याच्याबद्दल काय बोलावे. घोडेवाल्यांनी ई-रिक्षाला विरोध केला म्हणून त्यांना पुष्कळांनी नावे ठेवली. ती आम्ही ठेवणार नाही. त्यांचा विरोध चुकीच्या जागी होता, इतकेच. हातरिक्षावाल्याला विजेची रिक्षा मिळाली. घोडेवाल्याला काय मिळणार, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

त्यांचे एक गाऱ्हाणे मात्र खरे आहे आणि ते ऐकून घेण्यासारखे आहे. माथेरानचे रस्ते लाल मातीचे. धूळ उडते, पावसात वाहून जाते, म्हणून दस्तुरीपासून गावाकडे मातीचे पेव्हर ब्लॉक बसवले गेले. माणसाला आणि रिक्षाला ते सोयीचे. पण घोड्याच्या पायात लोखंडी नाल असते. ओल्या, गुळगुळीत ब्लॉकवर, उतारावर, पाठीवर माणूस असताना ती सटकते. मातीत टाप रुतते, ब्लॉकवर रुतायला जागा नाही. घोडा घसरला तर वरचा माणूस पडतो आणि घोड्याचा पाय मोडला तर तो घोडा संपला. रस्ता करताना कडेने दहा फूट माती राखली असती तर हे सुटले असते असे आम्हाला वाटते. पण रस्ते बांधणारे मोटारीतून विचार करतात, टापेवरून नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळे खरे, पण आम्ही चार जण दोन दिवस जाणार, आमच्या हातात काय? पुष्कळ आहे. आधी घोडा कसा बघायचा ते सांगतो.

घाईने पहिल्या घोड्यावर चढू नका. दोन मिनिटे उभे राहा. फासळ्या किंचित जाणवाव्यात, पण मोजता येऊ नयेत. पुठ्ठ्याची हाडे वर आलेली असतील तर घोडा भुकेला आहे. मानेच्या मुळाशी, खोगिराचा पुढचा काठ जिथे टेकतो तिथे आणि पोटाखाली तंग आवळतात तिथे नजर टाका. ओली जखम असेल तर त्या घोड्यावर बसू नका, मग पैसे कितीही कमी सांगोत. तिथे फक्त पांढऱ्या केसांचे ठिपके असतील तर ती जुनी, भरलेली जखम. म्हणजे कधीतरी खोगीर लागले होते. घोडा मागचा एक पाय सैल सोडून उभा असेल तर काळजी नको, तो आराम करतो आहे. पण पुढचा पाय पुढे टाकून, त्याच्यावर भार न देता उभा असेल तर त्याला दुखते आहे. चालताना प्रत्येक पावलाला डोके वर-खाली होत असेल तरी तेच. कान मागे मानेला चिकटलेले आणि डोळ्यांची पांढरी कड दिसते आहे, तर तो घाबरला आहे किंवा चिडला आहे. अशा घोड्यावर लेकरू बसवू नये.

लगाम बघा. तोंडात जाणाऱ्या लोखंडाला काटे असता कामा नयेत. काटेरी लगामाला कायद्याने बंदी आहे, तरी तो अजून दिसतो. १९६५ च्या केंद्र सरकारच्या नियमांत तट्टाच्या पाठीवर लादायच्या ओझ्याची मर्यादा ७० किलो आहे. दिवसात एकूण नऊ तासांहून अधिक आणि सलग पाच तासांहून अधिक काम घेऊ नये, आणि तापमान ३७ अंशांवर असेल तर दुपारी बारा ते तीन जनावराला राबवू नये, असेही त्यांत आहे. स्वार म्हणजे ओझे नव्हे असा वाद कुणी घालील. घोड्याच्या पाठीला तो कळणार नाही. जाणकार असे मानतात की घोड्याने आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त भार उचलू नये, खोगिरासकट. आपल्याकडची तट्टे अडीचशे-तीनशे किलोंच्या आसपास असतात. हिशेब तुम्हीच करा. आमच्यासारख्या बिर्याणीप्रेमी मंडळींनी तर आधी काट्यावर उभे राहावे आणि मगच घोड्याकडे बघावे. चालत गेलो तर आपलेच भले. आणि बाप-लेक दोघे एकाच घोड्यावर, हा प्रकार तर कधीच नको.

हे नियम मोडणाऱ्याला शिक्षा काय? १९६० च्या कायद्यात जनावराशी क्रूरपणे वागण्याच्या पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० रुपयांपासून ५० रुपयांपर्यंत. आज एका वडापावाच्या आसपास. म्हणून पोलिसावर सोपवून चालत नाही. गिऱ्हाईक जखमी घोडा नाकारते आणि धडधाकट घोड्याचे पुरते पैसे देते, हे चार जणांनी पाहिले की नाक्यावर त्याची चर्चा होते. मलम आणि गादी आपोआप येते.

घोडेवाल्याशी भाव करताना नगरपालिकेचा दरफलक बघा आणि त्यात लिहिलेले द्या. जागा किती, वेळ किती, परत आणणार की नाही, हे चढण्याआधी बोलून घ्या. नंतरची भांडणे बहुतेक याच कारणाने होतात. पण दराच्या खाली ओढाताण करू नका. आपल्यापैकी कित्येक जण हॉटेलात दोनशे रुपयांचा चहा मुकाट्याने पितात आणि घोडेवाल्याचे पन्नास रुपये कमी केल्याची फुशारकी जेवताना सांगतात. ते पन्नास रुपये त्याच्या घरातून जात नाहीत, घोड्याच्या तोबऱ्यातून जातात. आणि "जरा पळव ना त्याला" असे म्हणू नका. बाजारात, वळणावर, चढणीवर घोडा पळवणे त्याच्याही जिवाला धोक्याचे आणि वाटेवरच्या म्हाताऱ्या माणसाच्याही. माथेरानात घोड्यावरून पडून जीव गेलेले आहेत. हेल्मेट मागा. मुलासाठी तर अडून बसा.

आमच्या भगिनींसाठी दोन गोष्टी, ज्या बहुधा कुणी सांगत नाही. फडफडणारे कापड घोड्याला बुजवते. घोड्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते, फक्त कपाळासमोर आणि शेपटीमागे दिसत नाही. म्हणून बाजूने अचानक काही उडाले की तो बिचकतो. ओढणीची टोके आत खोवा, बुरखा सैल असेल तर कमरेला एक गाठ द्या, आत सलवार असू द्या म्हणजे बसणे सोपे जाते. दुसरे, पायातली चप्पल. रिकिबीत पायाचा पुढचा भागच ठेवायचा, टाच खाली. सपाट चपलेचा पाय रिकिबीतून आरपार जातो, आणि पडलो तर पाय अडकून फरफटत जाण्याची भीती. टाचेचा बूट घाला. मुलांचे पाय रिकिबीपर्यंत पोचत नाहीत म्हणून काही जण ते वरच्या चामडी पट्ट्यात अडकवतात. ते करू देऊ नका, पाय मोकळे लोंबू द्या आणि मोठ्या माणसाने शेजारून चालत मुलाला धरावे.

फोटोची हौस हा वेगळाच ताप झाला आहे. घोडा उभा, वर एक जण, खाली सहा जण, मोबाइल हातोहात फिरतो, प्रत्येकाचा फोटो होईपर्यंत वीस मिनिटे जातात. घोडा चालत असतो तेव्हा आपण त्याला राबवतो असे वाटते, उभा असतो तेव्हा वाटत नाही. उलट आहे. उभ्या घोड्याच्या पाठीवर सबंध भार एकाच जागी बसून राहतो. अबू दाऊदमध्ये एक हदीस आहे. तिचा भाव असा की जनावरांच्या पाठीला मिंबर करू नका. जिथे तुम्ही एरवी मोठ्या कष्टाने पोचला असता तिथे पोचवण्यासाठी अल्लाहने ती तुमच्या ताब्यात दिली आहेत, वर बसून गप्पा हाकण्यासाठी नाही. त्या काळी मोबाइल नव्हता. पण बाजारात जनावर उभे करून वरूनच तासभर बोलत राहणारे होते.

लग्नाची वरात हा याचाच मोठा भाऊ. नवरदेव घोड्यावर, पुढे डीजे, दोन्ही बाजूंना दिव्यांच्या तारा, फटाक्यांची माळ. वरातीचे घोडे नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्यासारख्या बाजारांतून घेतले जातात. तापीकाठी दत्तजयंतीला भरणारी ही घोडेबाजाराची यात्रा देशभर प्रसिद्ध आहे. तिथे नाचणाऱ्या घोड्याला मोठी किंमत येते. हा घोडा तालावर नाचतो असे आपण म्हणतो. पण त्याचे कान माणसापेक्षा तीक्ष्ण, आणि आपल्याच छातीत धडधडणारा तो आवाज त्याच्या कानांपासून चार हातांवर. हौसेला आमचा विरोध नाही. नवऱ्या मुलाला घोड्यावर बसवायचे तर बसवा. डीजे तीस-चाळीस पावले पुढे ठेवा, फटाके नवरदेव उतरल्यावर वाजवा, पुढे-मागे दोन भाचे बसवू नका, आणि घरापासून मंडपापर्यंतचे अंतर तासात पुरे होऊ द्या. घोडेवाल्याला त्या रात्री जेवायला बसवा. कित्येक वरातींत वरमाईपासून वाजंत्र्यांपर्यंत सगळे जेवतात आणि तो बाहेर लगाम धरून उभा असतो, कारण घोडा सोडून येता येत नाही. ताट बाहेर न्यावे लागते, इतकेच.

लगाम धरणाऱ्या माणसाबद्दल आणखी एक सांगायचे राहिले. आपल्याकडची कुटुंबे सहलीला काश्मीरलाही जातात. पहलगामजवळच्या बैसरनच्या माळावर मोटार जात नाही, तिथेही चालत किंवा घोड्यावरच जावे लागते. २२ एप्रिल २०२५ ला तिथे दहशतवाद्यांनी पर्यटकांवर गोळ्या झाडल्या. २६ जण मारले गेले, त्यांत महाराष्ट्रातले सहा. त्या २६ जणांत एक स्थानिक माणूस होता, सय्यद आदिल हुसेन शाह. घोड्यावरून पर्यटकांना वर नेणे हा त्यांचा धंदा. हल्लेखोराला अडवताना, त्याची बंदूक हिसकावण्याची धडपड करताना ते गेले, असे त्यांच्या घरच्यांनी आणि गाववाल्यांनी सांगितले. नंतर जखमींना आणि घाबरलेल्या माणसांना खाली आणायला धावलेल्यांत घोडेवाले होते, कुणी घोड्यावर, कुणी स्वतःच्या पाठीवर. सकाळी त्यांच्याशी कुणी भावासाठी हुज्जत घातली असेल, कुणी फोटोतून बाजूला व्हायला सांगितले असेल. तशी आपली रीतच आहे.

माथेरानच्या घोड्याचे पुढे काय होईल? ई-रिक्षा वाढतील आणि वाढायलाच हव्यात. म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना, शाळेच्या पोरांना त्या लागतात. सामान वाहण्याचे आणि नाक्यापासून बाजारापर्यंत माणूस पोचवण्याचे काम घोड्याच्या हातून हळूहळू जाईल. राहील ती पॉइंटची रपेट, शार्लोट तलावाची, एको पॉइंटची, मातीच्या वाटांवरची. तेवढ्यावर थोडे घोडे जगतील, सगळे नाही. म्हणून आत्ताच, व्हिक्टोरियासारखी सहा वर्षे जाण्याआधी, कोणत्या घोडेवाल्याला दुसरे कोणते काम देता येईल, त्याच्या पोरांना शिकवायला काय लागेल, उरलेल्या घोड्यांना डॉक्टर कोण देणार, हे नगरपालिकेने आणि सरकारने बसून ठरवायला हवे. आपल्या समाजाच्या ज्या संस्था शिष्यवृत्ती देतात त्यांनी टांगेवाल्या-घोडेवाल्यांच्या मुलांचे अर्ज मागवावेत, असे आम्ही सुचवतो. फॉर्म ऑनलाइन आहे एवढे कळवून भागणार नाही, नाक्यावर जाऊन भरून घ्यावा लागेल.

आणि लेकरांना घोड्याला काही खायला द्यायचे असेल तर आधी घोडेवाल्याला विचारा. घोड्याला ओकता येत नाही. पोटात नको ते गेले, शिळा पाव, वेफर, पाकिटासकट बिस्किट, तर पोटशूळ उठतो आणि रात्रीत घोडा मरतो. गाजर चालते, गुळाचा लहानसा खडा चालतो. बोटांत धरून देऊ नका, तळहात सपाट पसरा, अंगठा बाजूला चिकटवा आणि खडा मधोमध ठेवा. तो ओठांनी उचलून घेईल, दात लागणार नाहीत. तोवर घोडेवाल्याला घोड्याचे नाव विचारा, आणि मग त्याचेही.